ठोक्याच्या चाकांवरचा ३१३

मित्रांनो, माझ्या पोटात सहा चाकं आहेत, आणि त्या सहाही चाकांमध्ये जळफळाट भरलेला होता. खोटं कशाला बोलू?

मी पानांवर नंबर मारायचं जुनं लोखंडी मशीन. बोरीच्या एका शाळेत, ऑफिसच्या टेबलावर राहतो. आमचे क्लार्क रंगनाथकाका मला लाडानं 'ठोक्या' म्हणतात. मला पानावर दाबलं की ठक्! आकडा उमटतो आणि पुढचा आकडा आपोआप तयार होतो. हो, आपोआप! हा शब्द आधी माझा होता.

कारखान्यात माझे आकडे घडवले, डोक्यावर लाकडी मूठ बसवली आणि मी थेट इथे आलो. शाळेचा प्रत्येक अहवाल माझ्या हाताखालून जायचा. मी नंबर मारले की काका अनुक्रमणिका लिहायला बसायचे. डावीकडे प्रकरणाचं नाव, उजवीकडे माझा आकडा. तपासणीला येणारे साहेब म्हणायचे, "वा! किती नीटनेटकं!" मी असा फुगायचो, की विचारू नका.

मग शेजारी संगणक आला. सहा वर्षांपूर्वी मी ३१२ मारला, ३१३ तयार करून ठेवला आणि वाट बघत बसलो. कुणी आलंच नाही. माझी शाई वाळली. वर त्या संगणकाच्या वायरा माझ्याच अंगावरून नेल्या!

यंदा नववीतल्या दीपिकानं गावातल्या साठ शेळ्या-मेंढ्यांची माहिती गोळा केली. तिच्या घरीच शेळ्या आहेत, त्यात लाडकी चांदी. परभणीच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा अहवाल जाणार होता. गेल्या वर्षी अनुक्रमणिका आणि पानं जुळली नाहीत, म्हणून परीक्षकांनी आमच्या शाळेचा अहवाल बाजूला ठेवला होता. त्यामुळे विज्ञानाच्या सविता मॅडम पुन्हा पुन्हा बजावत होत्या, "दीपिका, अनुक्रमणिका सांभाळ बरं!"

दीपिकानं सगळी माहिती संगणकात भरली होती. तिथून अहवाल वर्डमध्ये काढताना एक चौकट आली, 'अनुक्रमणिका हवी?' तिनं टिचकी मारली. मित्रांनो, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी यादी हजर! नावं, मध्ये टिंबांची रांग, शेवटी पानांचे आकडे. एकाही पानाला हात न लावता! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझे काका, माझे स्वतःचे काका, म्हणाले, "ह्याच्यापुढं आमचा ठोक्या काहीच न्हाई."

मला असं वाटलं, की टेबलावरून उडी मारून त्या प्लगवरच पडावं.

जायच्या दिवशी सकाळी मॅडमनी सुचवलं, "मध्ये फोटो टाक, छान दिसेल." दीपिकानं चार पानं फोटो टाकले, प्रिंट काढली आणि पानं माझ्यासमोर लावून ठेवली. मी बघितलं. अनुक्रमणिकेत 'चांदीचे आजारपण : पान १४' आणि प्रत्यक्षात ते पान गेलं होतं अठरावर! त्यापुढचं सगळंच चुकलं होतं. मला बोलता येत नाही. पण येत असतं तरी मी गप्प बसलो असतो. मला आनंद झाला होता. पडू दे त्या संगणकाचं तोंड!

तेवढ्यात दीपिकाची आई, कासाबाई, डबा घेऊन आली. तिला अक्षरं जुळवत वाचता येतं, आकडे मात्र पक्के.

"दीपे, आपल्या चांदीचं पान कोन्तं गं?"

"यादीत बघ की माय, आपोआप आलीय."

कासाबाईनं यादीवर बोट ठेवलं, पानं मोजून चौदावं उघडलं आणि खो खो हसली. "आगं, हा तर शेजारच्या येडबाचा एडका! पत्त्यावर गेले आन् भलत्याचंच घर निघालं की!"

दीपिकाचा चेहरा पांढराफटक पडला. "माय... बस यायला वीसच मिनिटं हायेत."

तिचे डोळे भरले, आणि माझा आनंद तिथेच विझला. पोरगी साठ शेळ्यांमागे उन्हात फिरली होती. आणि मी कुणाचं वाईट चिंतत होतो?

"रडायलीस कशाला? हा ठोक्यासुद्धा एकदा चुकला होता," काका म्हणाले. "आकडा किती येळा मारायचा ती कळ दोनवर राहिली आन् चाळीस पानांवर परत्येक आकडा दोनदा पडला. त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. तुझ्या संगणकाला फोटू टाकल्याचं सांगितलंस का?"

दीपिकानं डोळे पुसले. यादीवर टिचकी मारून 'अपडेट' केलं. चौदाचे अठरा झाले, ते पान पुन्हा छापलं. मग ती नाव आणि आकडा वाचायची, कासाबाई पान उघडायची आणि म्हणायची, "हाय. पुढं." सगळं जुळलं, तेव्हाच अहवाल पिशवीत गेला.

निघताना कासाबाईनं जास्तीची प्रत मागितली. "मला घरी ठिवायला. आन् ह्या लोखंडी बाबाचा शिक्का मार त्याच्यावर."

काकांनी माझ्यात शाईचे दोन थेंब सोडले. दीपिकानं मूठ दाबली. ठक्! शेवटच्या पानामागे ३१३ उमटला, थोडा फिकट, पण सरळ.

मित्रांनो, यंत्र जुनं असो की नवं, त्याचं काम झालं की पान उघडून बघा. आम्हांला ते येत नाही, तुम्हांला येतं. आणि कधीतरी आमच्यात शाईचे दोन थेंब टाका.

वायरा अजून माझ्या अंगावरूनच जातात. जळफळाट? आहे, थोडासा. पण आता माझ्या चाकांवर ३१४ आहे.