रंगाखालचे दोन ठिपके

मी जीपच्या पोटाखालचा शाफ्ट बोलतोय. आवाज जरा चढला तर राग मानू नका. सव्वा वर्ष मी थरथरत होतो, आणि सव्वा वर्ष लोक मला सोडून बाकी सगळ्यांची चौकशी करत होते.

आधी मी कोण ते सांगतो, कारण मला तुम्ही पाहिलेलं नसणार. गाडी घेताना माणसं रंग बघतात, सीट दाबून बघतात, उगाच हॉर्न वाजवतात. खाली वाकून शाफ्ट बघणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. पुढे गिअरबॉक्स, मागे चाकांच्या आसाचा गोळा आणि मधे मी, एक लांब पोलादी नळी. इंजिनाची ताकद गरागरा फिरत मागच्या चाकांपर्यंत पोचवायची हे माझं काम. माझ्या दोन्ही टोकांना एकेक सांधा आहे, गॅरेजात त्याला क्रॉस म्हणतात. आणि खाचा पाडलेला एक दांडा माझ्या नळीत आत-बाहेर सरकतो, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी मला लांब-आखूड होता येतं.

मला आप्पांनी घडवलं. आप्पा म्हणजे आत्ताच्या मालकाचे वडील, उभा जन्म लेथवर काढलेला टर्नर. जीपचा जुना शाफ्ट तुटला तेव्हा त्यांनी मला लेथवर चढवलं, फिरवून फिरवून तपासलं आणि केसभरही डगमगू दिलं नाही. शेवटी पंच आणि हातोडी घेऊन दोन ठिपके मारले, एक नळीवर, एक दांड्यावर.

"हे दोघं समोरासमोर आले की तू बरोबर," ते मला म्हणाले. "नाहीतर तुझं काही खरं नाही."

त्यातली गोम अशी की माझे दोन्ही क्रॉस एकाच ठेवणीत बसावे लागतात. एकाने केलेली थरथर दुसरा मारतो. दांडा एक-दोन खाचा इकडे-तिकडे बसला की दोघांचं बिनसतं, आणि मग सगळ्या गाडीला कापरं भरतं.

एकवीस वर्षं मी गुण्यागोविंदाने फिरलो. मग आप्पांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडू लागला, मग स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूवरून घसरू लागला. मुलाने एक दिवस सगळी हत्यारं उचलून वरच्या फळीवर ठेवली. "राहू द्या आप्पा, मी करतो," हे तो दिवसातून दहादा म्हणायचा. प्रेमानेच म्हणायचा, पण आप्पांचा चेहरा दर वेळी उतरायचा.

हा मुलगा डोंगरांवरच्या मोबाइल टॉवरची देखभाल करतो. वाट कसली, नुसते धोंडे. ते गाडीच्या पोटाला घासायचे म्हणून त्याने जीप चार इंच उंच करायचं ठरवलं. ओळखीच्या मेस्त्रीने काम घेतलं. माणूस हाताचा चांगला, पण त्याला एक खोड आहे. गॅरेजात आलेली कुठलीही वस्तू चंदेरी रंग फासल्याशिवाय तो बाहेर सोडत नाही. "गिऱ्हाईकाला काम दिसलं पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मलाही काढलं, दोन तुकड्यांत ओढलं, धुतलं आणि रंगवलं. दोन्ही ठिपके रंगाने बुजून गेले. मग मेस्त्रीने दांडा नळीत घातला, जिथे बसला तिथे. मी ओरडून सांगत होतो, अरे दोन खाचा चुकल्या! पण मला तोंड आहे कुठे? मला थरथरूनच बोलता येतं.

तर मी थरथरलो. गाडीने पन्नासचा वेग गाठला की खालून सुरुवात व्हायची. थर्मासचं झाकण टकटक वाजायचं. सूनबाई म्हणाल्या, "या गाडीत बसलं की माझे दात वाजतात. मी आपली बसने जाते."

मग उपाय सुरू झाले. चाकांचं बॅलन्सिंग केलं, टायर बदलले, गिअरबॉक्सखालची रबरं बदलली. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर! आप्पा एकदा पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी गाडीच्या तळाला पंजा टेकवला.

"स्टेअरिंग शांत आहे," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या चाकांचा दोष नाही. ही थरथर बुडाखालून येतेय. शाफ्ट बघ."

"आप्पा, अहो तुमचा हातच..." मुलगा म्हणाला आणि थांबला.

आप्पांनी हात उचलून खिशात घातला. घरी पोचेपर्यंत तो बाहेर आला नाही. त्या दिवशी मला इतका संताप आला, की जमलं असतं तर मीच तुटून रस्त्यावर पडलो असतो.

तीन महिन्यांनी मेस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी उंच केल्यावर मी जास्त तिरका झालो होतो आणि मागच्या गोळ्याचं तोंड भलतीकडे कललं होतं. त्याने आपल्या शाळकरी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला, त्याला दोऱ्याने एक नट टांगला आणि माझ्या दोन्ही टोकांचे कोन मोजले. मग कमानीचे पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवून गोळ्याचं तोंड सरळ केलं. दोन्ही कोन जुळले. मला खरंच हायसं वाटलं. थरथर निम्म्याने उतरली.

निम्मी मात्र उरली, कारण ती त्या दोन खाचांची होती. मेस्त्रीने हात टेकले. "शाफ्टच वाकलाय. नवीन मागवतो, हा भंगारात टाका." झालं! रंग त्याने फासला, खाचा त्याने चुकवल्या आणि वाकडा मी.

नवा शाफ्ट यायचा त्या सकाळी मला काढून गॅरेजच्या भिंतीशी आडवं टाकलं. भंगारवाला दुपारी येणार होता. आप्पा मुलासोबत आले होते. ते माझ्याशेजारी डब्यावर बसले आणि अंगठा माझ्यावरून फिरवू लागले. अंगठा थरथरत होता, पण एका जागी येऊन थांबला. रंगाखाली बारीकसा खळगा लागला होता.

"पॉलिश पेपर दे रे," ते म्हणाले.

"आप्पा, राहू द्या..."

"दे म्हणतो ना!"

मुलाने मुकाट्याने दिला. आप्पांनी दहा मिनिटं घासलं, दोनदा पेपर हातातून निसटला. मग एक ठिपका उघडा पडला, आणि त्याच्यापासून दोन खाचा बाजूला दुसरा.

मेस्त्रीने वाकून दोन्ही ठिपके बघितले. "रंग मीच मारला होता, आप्पा," तो कानाची पाळी धरून म्हणाला. "तुमच्या खुणेवरच मारला."

ठिपके जुळवून मला पुन्हा चढवलं. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. थर्मासचं झाकण गप्प. आप्पांनी खिशातून हात काढून तळावर ठेवला. मुलाने वेग कमी केला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "आप्पा, मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"हं," आप्पा म्हणाले.

परत आलो तर मेस्त्री रंगाचा डबा घेऊन खाली शिरतोय! सवय, दुसरं काय. मुलाने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि पंच आणि हातोडी आप्पांपुढे धरली.

"हेच ठिपके पुन्हा खोल मारा. पुन्हा कुणाला बुजवता येऊ नयेत."

"हात हलतो रे माझा."

"हलू दे. मी धरणार नाही."

आप्पा गाडीखाली आडवे झाले. पहिला घाव नेमका बसला. दुसऱ्याच्या वेळी हात हलला आणि ठिपका केसभर सरकला. खाच कुठली ते कळायला तेवढा पुरेसा होता. "बुजवून परत मारू?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "अजिबात नाही."

आता मी धोंड्यांवरून टॉवरपर्यंत जातो आणि गप्प फिरतो. अंगावरचा चंदेरी रंग जागोजागी उडालाय. कधी ही जीप तुमच्या गॅरेजात आली तर मला जरूर उघडा, ग्रीस भरा, शिव्या द्या. फक्त ब्रश लांब ठेवा. माझा एक ठिपका जरा वाकडा आहे, तो तसाच दिसू द्या.