मानधनावरची आई

१९९८ साली कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत बायका-कर्मचाऱ्यांच्या पोरांसाठी पाळणाघर निघालं. जुन्या फायली हलवून खोली मोकळी केली, भिंतीवर ससा काढला. ससा घुशीसारखा दिसायचा, पण सरकारी होता. पोरं सांभाळायला मानधनावर आक्काताईला घेतलं. अकरा पोरं तिच्या एकटीच्या अंगावर. तिची स्वतःची दीप्ती तीन वर्षांची. घरी बघायला कोणी नाही, म्हणून तिलाही ती बरोबर घेऊन आली.

पहिल्याच दिवशी इंगवले साहेबांनी कागद पुढं धरला. "बाई, हे कायम कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. तुम्ही मानधनावर. तुमचं मूल आत बसणार नाही."

"मग ठेवू कुठं?"

"त्याचा जीआरमध्ये उल्लेख नाही."

म्हणजे दुसऱ्यांची शेंबडी नाकं पुसायला बाई चालते, तिचं पोर चालत नाही. दीप्ती उंबऱ्याबाहेर बसली. आक्काताई शिपाई आकारामला म्हणाली, "माझी आजीबी गावात लोकांच्या उंबऱ्याभाईरच बसायची. पर तिला कुणी जीआर दाखवला न्हवता. सुधारणा हाय की."

आकारामनं मान खाली घातली. त्याला स्वतःच्या घरचा उंबरा आणि त्याबाहेर बसवलेली माणसं आठवली असावीत.

दीप्ती काही गप बसणारी नव्हती. बाहेर चिंचोके होते, मुंगळे होते, नळाखाली चिखल होता. आतली खेळणी मोडतील म्हणून कपाटात कुलूपबंद. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा पोरं व्हरांड्यात आणि खोलीत नुसता ससा.

साहेब तणतणत आले. "पोरं आत घ्या. आत्ताच्या आत्ता."

आक्काताईनं एकेकाला उचलून आत नेलं, दाराला कडी घातली. मग जे भोकाड उठलं ते पार साहेबांच्या मीटिंगपर्यंत. एक बाई टाइपरायटर सोडून धावली, तिच्यामागं दुसरी, मग सगळ्याच. टेबलांवर नुसते पंखे फिरत राहिले. पुण्याहून आलेल्या वरिष्ठांनी विचारलं, "इंगवले, कोणी वारलं काय?"

साहेब घाम पुसत दारात आले. "बाई, घ्या तिला आत."

"तोंडी न्हाय. नकार कागदावर दावलासा, होकारबी कागदावर द्या. न्हायतर उद्या तुमीच भाईर काढशिला."

तासाभरानं साहेबांनी स्वतः कागद आणून दिला. आक्काताई सातवी शिकलेली. तिनं मोठ्यानं वाचला: 'कु. दीप्ती हिच्या उपस्थितीमुळे मुले शांत राहत असल्याने तिला आत बसविण्यास हरकत नाही. मात्र योजनेच्या प्रयोजनार्थ तिला मूल समजण्यात येऊ नये.'

"मूल न्हाय, तर मग काय समजायचं साहेब?"

"काही समजू नका."

"असं कसं? पोरं शांत ठिवायचं काम ती करती. तुमीच लिवलंय. म्हंजे मदतनीस झाली की. मग तिचं मानधन?"

साहेबांनी कागद परत मागितला. आक्काताईनं तो घडी घालून पोलक्यात सारला. "आता न्हाय मिळत," ती म्हणाली.

दीप्ती तोवर आत पोचलीसुद्धा होती.