सुपारी परक्याला देतात

क्लॅरिनेटच्या वरच्या तुकड्यावरची चीर पाऊण इंच लांब होती. दुसऱ्या भोकाच्या कडेपासून निघून ती लाकडाच्या रेषेनं सरळ वर गेली होती. यशयानं तिच्या टोकाशी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती, आणि दर रविवारी उजेडात बसून तो चीर खुणेच्या पुढं सरकली का ते पाही. रंगूनच्या दमट हवेत सोळा वर्षं राहिलेलं लाकूड नगर जिल्ह्याच्या कोरड्या वाऱ्यात आकसत होतं. तिळाचं तेल आणि लाखेचा पातळ लेप दिल्यावर आठव्या रविवारी चीर थांबली. वाद्य वाचलं. आता ते वाजवायला कोणी बोलवायला हवं होतं.

रंगूनला तो एका मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायचा. समोर कागदावर लिहिलेले स्वर, डोक्यावर पंखा, अंगात पांढरा कोट. बेचाळीसच्या मार्चात जपानी फौजा शहराच्या तोंडाशी आल्या, तसा तो बायकोला, लिडियाला, घेऊन आसामच्या वाटेनं पायी निघाला. जूनमध्ये दोघं कोल्हारपासून दोन कोसांवरच्या त्याच्या गावी, आईच्या दोन खणी घरात येऊन टेकली. आई बनुबाई दारातच बसून रडली आणि मग उठून भाकरी थापायला लागली.

त्यानंतर यशया कामासाठी नगरला खेटे घालत राहिला. सिनेमा थिएटरात पूर्वी पडद्यापुढं वाजवणारी माणसं असत. आता पडदाच बोलत होता. लष्कराच्या बँडात लष्कराचीच माणसं. मिशनच्या देवळात उपासनेला वाजवशील का, असं पाळकांनी आनंदानं विचारलं. तो वाजवू लागला, पण ती सेवा; सेवेचा मोबदला मागायची रीत नव्हती. शेवटी तो माळीवाड्यातल्या गहिनीनाथ बँडवाल्याकडं गेला. गहिनीनाथनं त्याचं वाजवणं डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून समोरच्या कागदाकडं पाहिलं.

"वाजवतोस झकास. पण वरातीत चालताना हा कागद धरायचा कुनी? नवरदेवानं?"

त्याची माणसं हसली. पण जाताना त्यानं यशयाला दारापर्यंत सोडलं आणि सांगितलं, की कागद घरी ठेवून, लाल कोट घालून, रस्त्यानं चालत वाजवायची तयारी असेल तर कधीही ये, लग्नागणिक हिस्सा देईन. यशया सांगतो म्हणाला. ऑगस्टची गोष्ट. डिसेंबर उजाडला तरी त्यानं सांगितलं नव्हतं. लाल कोट त्याच्या डोळ्यांपुढं यायचा आणि तो निरोप पुढं ढकलायचा.

लिडिया दर रविवारी उपासनेहून येताना विचारी, "अहो, आपण इथं राहायचं की नगरला बिऱ्हाड करायचं?"

तो म्हणे, "काम मिळू दे, मग बघू." बनुबाई पुढं चालत असे. नगरचं नाव निघालं की तिची चाल मंदावे.

मार्गशीर्षात रंगनाथ पाटलाचा निरोप आला: मुलीचं लग्न आहे, यशयानं वाजवायला यावं. यशयाला हायसं वाटलं. गावच्या देवळात जाऊन वाजवायचं नाही, एवढंच त्यानं कळवलं. पाटलानं ते मानलं.

याच गावात त्याचे आजोबा सनई वाजवीत. देवळात पहाटे, पोळ्याला, घरोघरच्या लग्नांना त्यांनीच वाजवायचं, आणि सुगीला घराघरानं त्यांच्या सुपात धान्य घालायचं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं बलुतं. बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नाही. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी आजोबांनी सनई चावडीत नेऊन ठेवली आणि धान्यावरचा हक्क सोडला. ही गोष्ट मिशनच्या शाळेत अजून मुलांना सांगत. यशयानंही ती तिथंच, बाकावर बसून ऐकली होती, आणि सगळी मुलं त्याच्याकडं वळून पाहत होती.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी, लिंबाखाली, त्याला एक घोंगडी अंथरून दिली होती. "तुज्या आज्याची जागा," कोणीतरी कौतुकानं म्हणालं. त्यालाही ते बरं वाटलं. त्यानं पांढरा कोट घातला होता. सहा महिन्यांत प्रथमच तो पोटभर वाजवत होता. सुरुवातीला कुजबुजणारी माणसं हळूहळू गप्प झाली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. बायकांमध्ये बसलेली लिडिया त्याच्याकडं बघून हसली.

मग दुपारी पाटलाच्या सुनेनं त्याच्यापुढं सूप आणून ठेवलं. सुपात बाजरी, अर्धा नारळ. मागोमाग शेजारच्या घरची बाई आली, तिनं ओंजळभर बाजरी घातली. मग तिसरी. प्रत्येक घरातून एक. यशया हात जोडत राहिला. ठरलेल्या पैशांवर हा मान असेल, असं त्याला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की पैसे ठरलेलेच नव्हते.

तो उठून पाटलाकडं गेला आणि हळू आवाजात बिदागीचं विचारलं. रंगनाथ पाटील खरोखर बुचकळ्यात पडला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर सोपं झालं असतं.

"तुला सुपारी दिल्ती का आमी?"

"नाही."

"मंग? सुपारी परक्याला देत्यात. तू घरचा हायेस." पाटलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता पाडव्याला वाजीव, पोळ्याला वाजीव. देवळात नगं, बाहीर वाजीव. तुज्या आज्याचं समदं तुला चालू केलंय."

यशयाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. आजूबाजूची माणसं हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत होती. गावानं विडा-सुपारी देऊन ठरवलेला तो बाहेरचा वाजवणारा. काम झालं की तो मोकळा. नुसत्या निरोपावर येतो तो गावाचा. हे त्याला लहानपणी ठाऊक होतं. सोळा वर्षांत तो विसरला होता. एका निरोपासरशी तो आला होता आणि आजोबांच्या जागेवर बसला होता.

"पाटील, आजोबांनी ते सोडलं होतं," तो कसाबसा म्हणाला.

"त्यानं सोडलं व्हय. पन दिवाळीपास्नं तुमच्या घरी बाजरी जातीया. तुज्या आईनंच सूप पुढं केलं. इचार की."

लिंबाची सावली, मांडव, माणसांचे चेहरे, सगळं होतं तिथंच होतं. फक्त आवाज यायचे थांबले होते. दीड महिना तो ती बाजरी खात होता. लिडियाच्या बांगड्या मोडून आणली असेल, असं समजून त्यानं विचारायचंही टाळलं होतं.

बनुबाई बायकांतून उठून पुढं आली. तिनं मान खाली घातली नाही.

"काय घालू तुमच्या पुढ्यात? वाळू?" ती म्हणाली. "तुज्या आज्यानं सोडलं, त्याचं नाव झालं. पुढं भाकर मी हुडकली, चाळीस वर्सं. आन् तू काय, कामाच्या नावानं परत जाशील. म्हनलं, यानं तरी र्‍हाशील."

त्यानं चाळीस वर्षांत, ना शाळेत ना घरात, हा प्रश्न कधी कोणाला विचारला नव्हता: सनई ठेवून आजोबा घरी आले, त्या संध्याकाळी चुलीवर काय होतं?

क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवायला त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. लिडिया येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

त्यानं सूप उचललं, पाटलाच्या ओट्यावर ठेवलं आणि आईकडं वळला.

"आई, मी गहिनीनाथच्या बँडात जातोय, सुपारी घेऊन रस्त्यानं चालत वाजवायला. उद्या नगरला बिऱ्हाड करू. तू पण चल."