उल्काचा धप्पा

संजनाला गप्प बसलेलं जुन्या नाशकातल्या तिच्या चौकाने आजवर एकदाच पाहिलं होतं, दाढ काढली तेव्हा. पण गेली चार वर्षं सिनेमाचा विषय निघाला की ही बडबडी पोरगी मूग गिळून बसायची. मुंबईला ती अष्टवीरांच्या सिनेमांत काम करते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. अष्टवीर म्हणजे आठ महाबली. आधी ते कॉमिकमध्ये होते. मग प्रत्येकाचा वेगळा सिनेमा आला, याच्या सिनेमात तो डोकावून गेला, त्याचा शत्रू हिच्या सिनेमात निघाला, असं करत करत भलंमोठं खटलं उभं राहिलं. चौकातली पोरं त्या आठांची नातीगोती स्वतःच्या मावश्या-आत्यांपेक्षा चोख सांगायची. या खटल्यात आपली संजना नेमकी कुठे असते, ते मात्र कुणालाच दिसत नव्हतं.

ती त्या आठांतली उल्का होती. म्हणजे उल्काचा चेहरा मोठ्या नटीचा, आणि एकदा मुखवटा चढला की आतलं अंग संजनाचं. चार सिनेमांत नट्या तीन बदलल्या, पण पुलावरून आणि टॉवरवरून स्वतःला झोकून देणारी बदलली नाही. नटी मुलाखतीत सांगायची, सगळ्या उड्या मी स्वतःच मारते. त्यावर ब्र काढणार नाही, असं संजनाने लिहून दिलं होतं. शेजारचा राकेश तिच्यासमोरच वाद घालायचा, की दुसऱ्या उल्काच्या उड्यांना तोड नव्हती, तिसरीला ते जमतच नाही. संजना निमूटपणे चहा ढवळत बसायची.

सगळा ताप झाला तो तिच्या वडिलांना. मल्हारीचं द्वारका सर्कलला पंक्चरचं दुकान. पोरीचं कौतुक त्याने अर्ध्या नाशकाला सांगून ठेवलेलं, त्यामुळे प्रत्येक सिनेमानंतर कुणीतरी टायर सोडता सोडता विचारायचंच, "काय मल्हारीकाका, दिसली का पोरगी?" तो बिचारा सिनेमाभर गर्दीतल्या बायका न्याहाळत बसायचा. बाजारात पळणाऱ्या, बसमध्ये किंचाळणाऱ्या. एकदा तर एका भाजीवालीला पाहून तो उठून उभा राहिला होता. ती भलतीच निघाली.

दिवाळीला त्याने विषय संपवायचं ठरवलं.

"निफाडच्या शाळेत खेळाच्या मास्तरणीची जागा हाय," तो म्हणाला. "तुझ्या सावळीराममामाने शब्द टाकलाय. आता येणाऱ्या पिक्चरमध्ये तू मला माझ्या डोळ्यांनी दिसली, तर कर तुझं काम, पुन्हा नाव काढणार नाय. नाय दिसली, तर निफाड."

"अप्पा, मी सही केलीय. कुठे बघायचं तेसुद्धा मला सांगता येणार नाही."

"नको सांगू. पण बापालाच पोरगी ओळखू येईना, असलं कसलं काम गं ते?"

संजना हो म्हणाली. हे काम तिला जिवापाड आवडत होतं. पण बापाचं म्हणणं तिलाही खुपत होतंच. हाडं आपली, टाळ्या दुसरीला, याचं वाईट वाटायचं तिला. खूप वाटायचं.

आता आशा उरली होती ती एका चुकीवर.

ही चूक नाशिकच्या जुन्या गावातल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. तिथे काही चौकांत रस्त्याखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर वरून रिक्षा धावतात. रंगपंचमीला माती काढून, फळ्या उचलून रहाड उघडायची, पूजा करायची, रंगाच्या पाण्याने भरायची आणि एकेकाने आत उडी ठोकायची. तोच धप्पा. उडी जेवढी दणदणीत, तेवढा काठावरचा माणूस जास्त भिजतो. धप्पा बसला की सगळा काठ एका दमात "धप्पा" म्हणून गरजतो. चौकात मल्हारीच्या धप्प्याला मान होता, कारण तो हवेत अर्धी गिरकी घ्यायचा. लोकांकडे पाठ करून पडायचं नाही, म्हणायचा. संजना नऊ वर्षांची असताना, पोरगी उडी मारणार म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण त्याने तिला काठावर उभं केलं आणि काठ शिवून हात कपाळाला कसा लावायचा, मांडी कधी घालायची, मान कुठे वळवायची, सगळं शिकवलं.

तर नव्या सिनेमात उल्का धरणाच्या भिंतीवरून पेटलेल्या पाण्यात उडी घेते, असा प्रसंग होता. सरळ सूर मारायचा, असं स्टंटमास्तरांनी दहादा बजावलेलं. सेटवरच्या टाकीत पाणी होतं केशरी रंगाचं. संजना काठावर आली, खाली तो रंग दिसला आणि डोकं विचार करायच्या आत अंगाने आपलं काम करून टाकलं. ती वर आली तेव्हा मास्तर तिच्या सात पिढ्यांची आठवण काढत होते. दुसऱ्या दिवशी तिने शहाण्यासारखा सरळ सूर मारला. दोन्हींतलं काय ठेवलं, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

सिनेमा लागला त्या रविवारी चौकाने थिएटरच्या तीन रांगा भरल्या. मल्हारी नवा चष्मा लावून मधोमध बसला, शेजारी संजना. मध्यंतरापर्यंत त्याने दोन लग्नांतल्या आणि एका दवाखान्यातल्या सगळ्या बायका तपासल्या. मध्यंतरात त्याने समोसा घेतला, पण खाल्ला नाही.

"अजून आलीच नाय ना तू?" त्याने हळूच विचारलं. संजनाने मान खाली घातली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी आठही महाबली एकत्र आले. सात जखमी होऊन पडले, धरणाचं पाणी पेटलं आणि उल्का एकटी भिंतीवर चढली. संजनाने खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावरची उल्का थांबली, वाकली, भिंतीचा काठ शिवला आणि तो हात कपाळाला लावला.

मल्हारी पुढे सरकला. "हिने काठ शिवला," तो पुटपुटला.

उल्काने झेप घेतली. हवेत गुडघे वर आले, मांडी वळली, आणि पाण्याला टेकायच्या आत अंगाने अर्धी गिरकी घेतली. केशरी पाणी पडदाभर उसळलं.

"धप्पा!"

तीन रांगा एकदम गरजल्या. कुणी ठरवून ओरडलं नव्हतं, वर्षानुवर्षांची सवय होती ती. मग त्याच तीन रांगांतली एकेक मान संजनाकडे वळू लागली.

"म्हणजे दुसरी उल्कापण..." राकेश म्हणाला. "आणि तिसरीपण?"

संजना ओठ आवळून समोर बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी मात्र करारात बसत नव्हतं, ते वाहू लागलं.

मल्हारी उठला. "तू गप बस, पोरी," तो म्हणाला. "सही तू केलीय. मी नाय केली." आणि साठीचा तो माणूस चपला काढून खुर्चीवर चढला.

"ओ मंडळी," त्याने अख्ख्या थिएटरला ऐकवलं, "ती उडी माझ्या पोरीची हाय. मुखवटा कुणाचा का असंना, धप्पा आमच्या घरातला हाय."

आधी शिट्ट्या आल्या, मग टाळ्या, मग बाल्कनीतून "वन्स मोअर". शेवटी प्रोजेक्टर चालवणाऱ्या दत्तूने सिनेमा थांबवला आणि खरंच मागे नेला. तेवढ्या वेळात मल्हारीने खुर्चीवरूनच फोन लावला. "सावळीराम, निफाडला दुसरी मास्तरीण बघा. आमची रिकामी नाय." मग खाली उतरून तो लेकीच्या कानाशी लागला, "मांडी जरा सैल पडली तुझी." आणि चष्मा काढून पुसत बसला.

पडद्यावर उल्का पुन्हा भिंतीवर चढली. आता सगळं थिएटर वाट बघत होतं. तिने काठ शिवला, झेप घेतली, गिरकी घेतली. धप्पा म्हणायला करारात काही मनाई नव्हती. चार वर्षं मिटलेलं तोंड उघडून संजना सगळ्यांच्या वरताण ओरडली.