पांढऱ्या कण्हेरीचं गुलाबी फूल

फूल पांढरं होतं. दम्याच्या एका बाईनं ते ओंजळीत धरलं, फुलमहाराजांनी वर पाणी शिंपडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते गुलाबी झालं. महाराजांच्या रोपवाटिकेच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक कुंड्यांवर चढून बघत होते.

"रोग फुलात उतरला!" महाराज गरजले. "आता याच कण्हेरीच्या पानांचा काढा, रोज अर्धा पेला. आणि दारात रोप लावा. पाणी बेताचं, ऊन भरपूर, श्रद्धा त्याहून भरपूर! या झाडाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही, एवढं ते पवित्र!"

बकरीला अक्कल असते, असं मनात आलं. राग मात्र आला नाही. अण्णा गेल्यापासून मला काहीच येत नव्हतं. रडूसुद्धा.

अण्णा म्हणजे आमचे वडील. शिंपीकाम करायचे. जिना चढताना धाप लागते म्हणून दादानं त्यांना इथे आणलं आणि काढा सुरू झाला. दुसऱ्याच सकाळी उलट्या. तरी शिवायला बसले, आणि मला म्हणाले, "अगं, हे कापड पांढरं होतं ना? पिवळं का दिसतंय?" संध्याकाळपर्यंत नाडी मंदावत गेली आणि थांबली. डॉक्टरांनी काढ्याच्या तळाशी राहिलेली पानं बघितली. "कण्हेर. मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. हृदयच बंद पाडते."

दादाला ते पटलं नाही. "वेळ आली होती त्यांची. फूल गुलाबी झालेलं मी या डोळ्यांनी बघितलंय."

आणि आज तो वहिनीसाठी आला होता. तिच्या छातीत धडधडतं. मी वाद घातला नाही. शाळेत मी विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतून एक बाटली पिशवीत टाकली नि त्याच्यामागे आले.

महाराजांनी वहिनीच्या नावानं परातीतलं एक फूल दादाच्या हातावर ठेवलं.

"थांबा," मी म्हणाले. कोपऱ्यातल्या झाडावरून मी एक पांढरं फूल तोडलं. "यावर शिंपडा."

"ताई, मंतरलेलं फूलच लागतं."

"म्हणजे रोगसुद्धा फूल पारखून उतरतो?"

लोक हसले. महाराजांना शिंपडणं भाग पडलं. फूल पांढरं ते पांढरंच. मग दादाच्या हातावरच्या फुलावर मी माझ्या बाटलीतले दोन थेंब टाकले. गुलाबी!

"ताईंनाही सिद्धी आहे की!" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींना आहे. ही चुन्याची निवळी. महाराजांच्या पाण्यातही तीच असणार. फुलाला आधीच एक बिनरंगी रसायन फासलंय. चुना लागला की ते गुलाबी होतं. आता रोग परत पाठवते." पिशवीतून लिंबाची फोड काढून मी फुलावर पिळली. गुलाबी रंग नाहीसा झाला.

महाराजांचा आवाज चढला. "अविश्वासानं काढा उलटतो! हिच्या बापाचं तेच झालं!"

"तुमचा विश्वास तर पक्का आहे ना? मग अर्धा पेला तुम्हीच घ्या."

वहिनीसाठी भरलेला काढ्याचा पेला त्यांच्या हातातच होता. ते प्यायला गेले असते, तर मी हात धरला असता. तशी वेळ आली नाही.

"मला... मला कुठे काय झालंय?" ते पुटपुटले.

दम्याच्या बाईनं आपल्या बाटलीतला काढा मातीत ओतला. मग एकेकानं ओतला. कुणीतरी पोलिसांना बोलवायला गेलं.

दादा मात्र हललाच नाही. "म्हणजे अण्णांना मीच..."

"तुला फसवलं, दादा."

"तू रडत का नाहीस गं?"

"रडू येईल कधीतरी. आधी वहिनीला डॉक्टरकडे नेऊ."

नेलं. गोळ्या सुरू आहेत, धडधड कमी आहे. दादा जेवतो, कामाला जातो, बोलत नाही. मीही तशीच.

तुम्ही कण्हेर जरूर लावा. कुंपणाला शोभते, थोड्या पाण्यावर फुलते. जुन्या वैद्यकात तिचं नाव आहे, पण म्हणून कुणी पानं उकळून दिली तर पिऊ नका. समोर चमत्कार दिसला तर आधी हात जोडू नका. दुसरं फूल मागा. आणि ज्याला तुमचा प्रश्न सोसत नाही, त्याचं औषध घशाखाली उतरवू नका.