बारा पायऱ्या खाल्लेला खोडरबर

मित्रांनो, तळ्याकाठचे ते देखणे घर मी घडवले. भलेभले ते पाहून तोंडात बोटे घालतात. मी एक जुना खोडरबर आहे. वाटाण्याएवढा उरलो आहे, तेव्हा हसायचे तर हळू हसा, उडून जाईन.

घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंनी मला विकत आणले, तेव्हा मी पांढराशुभ्र, चौकोनी होतो. "माझी रेघ चुकत नाही," असे त्या म्हणत. त्यामुळे मी बसून बसून गुटगुटीत राहिलो.

मग त्यांच्या आत्यांनी तळ्याकाठी घर मागितले. आत्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी गांजलेल्या. घर जमले नाही, तर त्यांना भाच्याकडे नवव्या मजल्यावर राहावे लागणार होते.

बाईंनी झोकात नकाशा काढला. घर अगदी पाण्यालगत.

"अगं, तळ्याला विचारलंस का?"

"उन्हाळ्यात सगळं मोजलंय, आत्या."

"उन्हाळ्यात तळं झोपलेलं असतं. काठच्या झाडाच्या बुंध्यावर गाळाची रेघ बघ, माझ्या कमरेएवढी! पाणी चढलं की मी काय पलंगावर बसून वल्ही मारू?"

मी खोडले. घर खांबांवर चढले आणि त्याला बारा ऐटबाज पायऱ्या आल्या. आत्यांनी त्या बोटाने मोजल्या आणि पिशवी उचलली.

"छान आहे गं. पाहुण्यांना आवडेल."

बाई दोन दिवस नकाशावरच्या त्याच पायऱ्या मोजत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या जागेवर गेल्या आणि मागच्या टेकडीवरच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. रस्ता नेमका खांबांवरच्या घराच्या फरशीच्या उंचीला होता! परत येऊन त्यांनी बाराही पायऱ्या माझ्याकडून खोडवल्या. त्यात माझे चारही कोपरे गेले. दार टेकडीकडे वळले, रस्त्यापासून दारापर्यंत सपाट पूल आला. वाटेत खडक होता.

"फोडून टाकू," गवंडी म्हणाला.

"तो आपल्या आधी आलाय," आत्या म्हणाल्या.

पूल वळला. मी आणखी झिजलो.

घर झाले, तेव्हा आत्या रस्त्यावरून सरळ चालत आत गेल्या. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. खिडकीखाली पाणी चमकत होते. बाईंनी हळूच डोळे पुसले.

आता सगळे त्यांच्या रेघांचे कौतुक करतात. पुसलेल्या रेघा कोणाला दिसणार? तरी मित्रांनो, खोडायला लाजू नका. खडक हलत नाही, रेघ हलते.

घर जमिनीशी असे जुळले, पण जेवणाचे टेबल डुगडुगते. त्याच्या एका पायाखाली सध्या मी आहे. आत्या चहा पिताना टेबलावर दोन्ही हातांची कोपरे टेकवतात. एकच टेकवा, एवढे त्यांना सांगाल का?