पत्रातली बहीण

१९५७ सालच्या जून महिन्यातली सकाळ होती. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या विनायक मास्तरांच्या घरी त्या दिवशी चहा दोनदा गार झाला, आणि दोन्ही वेळा तो सुमननेच चुलीवर पुन्हा तापवून आणला. मास्तर ओट्यावर चटई टाकून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात त्यांच्या मुलाचा, नंदकुमारचा, फॉर्म होता. बिहारातल्या एका खाणविद्येच्या संस्थेत जमिनीच्या पोटातून तेल काढण्याचे शास्त्र शिकवणार होते. पेट्रोलियम इंजिनिअरिंग असे त्याचे नाव. बी.एस्सी. झालेल्यांना पुढे तीन वर्षे शिकायचे. गल्लीला रॉकेल सोडून दुसरे कुठले तेल जमिनीतून निघते हे ठाऊक नव्हते, पण शास्त्र मोठे असणार एवढे नावावरून सगळ्यांनी ओळखले होते.

मार्कशीटच्या नकला झाल्या होत्या. कॉलेजच्या प्रिन्सिपलचे शिफारसपत्र, डॉक्टरचा दाखला, तीन फोटो, सगळे टाचणी लावून तयार होते. फॉर्म मास्तर स्वतः भरत होते, कारण त्यांच्या अक्षराला उभ्या बुऱ्हाणपुरात तोड नव्हती. शेवटच्या पानावर त्यांचा टाक थांबला. विवाहित की अविवाहित, त्यातला नको तो शब्द खोडायचा होता.

"बाबा, पोस्टातले निंबाभाऊ सांगत होते, शादीशुदा पोरांना घेतच नाहीत," नंदकुमार म्हणाला. "विहिरी जंगलात असतात म्हणे. बायकोवाला तिथं टिकत नाही."

निंबाभाऊंचे काम टपालाच्या थैल्यांना लाख लावण्याचे. तेलाच्या विहिरीशी त्यांचा संबंध एवढाच की, लाख वितळवायला त्यांना रॉकेलची चिमणी लागे. पण पोस्टात बसणाऱ्या माणसाला सरकारी नियम ठाऊक असतात, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. संस्थेला एक कार्ड टाकून विचारावे, हे मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांनाही सुचले नाही.

"एक शब्द तर आहे," ते म्हणाले. "ॲडमिशन झाली की दुरुस्त करून घेऊ." आणि पट्टी लावून त्यांनी 'विवाहित' हा शब्द सुरेख, सरळ खोडला.

सुमन किटली घेऊन दारातच उभी होती. तिचे वय सतरा, नंदकुमारशी लग्न होऊन दोन वर्षे झालेली. तिच्यापासून कुणी काही लपवले नाही आणि तिला कुणी काही विचारलेही नाही. कागदाचे काम आहे, तिला वाटले. कागदाने काय होते?

ॲडमिशन झाली. महिन्याभराने पहिले पत्र पाठवायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी तिला समोर बसवले. चौथीपर्यंत शिकलेली पोर, अक्षर बरे होते.

"हे बघ सुमन, होस्टेलमध्ये पत्रं सगळे एकमेकांची वाचतात. खाली 'तुझी बहीण' असं लिहीत जा. थोडे दिवस."

पहिल्या वेळी तिचा हात अडला. दुसऱ्या वेळी थोडा कमी अडला. तिसऱ्या वर्षी 'तुझी बहीण सुमन' हे शब्द हाताला इतके सवयीचे झाले की, लिहिताना ती भाजीचा विचार करीत असे. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातले सर्वांत वाईट तेच.

तीन वर्षे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. सासूचे, आशाबाईंचे, गुडघे धरलेले, त्यामुळे भंडाऱ्यावरून, म्हणजे मोगलांच्या वेळच्या भुयारी विहिरींवरून, पाणी भरणे, दळण, धुणे, सासऱ्यांचे पथ्य, सगळे सुमनवर. धूलकोटहून तिचे वडील देवराम केळीचा घड घेऊन यायचे आणि विचारायचे, "जवाईबापू कवा येतीन?" ती म्हणायची, "परीक्षा हाये." परीक्षा नेहमीच असायची. आशाबाईंनी गल्लीतल्या बायकांनाही सांगून ठेवले होते, "पोराचं शिक्षन होऊ द्या वं बाई. बाहेरचं कोनी इचारलं तं बहीनच सांगजा." गल्लीने मान डोलावली. आपल्या गल्लीतला पोरगा इंजिनीअर होतोय म्हटल्यावर एवढे कोण नाही करणार?

दुसऱ्या उन्हाळ्यात नंदकुमार आठ दिवस घरी आला, तो थेट विहीर खोदण्याच्या ट्रेनिंगवरून. त्याच्या पँटीवर करडा, तेलकट चिखल वाळला होता. सुमनने ती तापीच्या राजघाटावर नेऊन तीनदा आपटली, तरी डाग निघेना.

"नाही निघणार तो," संध्याकाळी तो हसून म्हणाला. "तो मुद्दाम कालवलेला चिखल असतो. हजारो फूट खोल भोक पाडतो आम्ही. त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ते चिखलाने भरून ठेवावं लागतं. माझा थीसिस त्याच्यावरच आहे."

इतके सलग तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तिने तेवढ्यात विचारून घेतले, "मले कवा नेसान तिकडे?"

"थीसिस होऊ दे."

१९६० च्या मे महिन्यात थीसिसही झाला. पहिल्या वर्गात पास, अशी तार आली. मास्तरांनी गल्लीभर मावाजिलेबी वाटली, सुमनने घरोघर नेऊन दिली. चेहरा सुकला होता, पण त्या दिवशी ती खरोखर हसली. तिने ट्रंकेतली दोन लुगडी वर काढून ठेवली.

नंदकुमार आला तो चार दिवसांनी, आणि ओटीवर आईवडिलांशी दार लोटून बोलत बसला. दार उघडले तेव्हा आशाबाईंनी सुमनला ओटीवर बोलावले.

"परवा पाव्हने येऊन राह्यले. जबलपूरचे मोठे सायब, मधुकरराव. नंदू त्यांच्या हाताखाली ट्रेनिंगले होता. कालेजात शिकवायले बी येतात ते. त्यांची पोर हाये."

"कोनासाठी?" सुमनने विचारले. विचारताना तिला कळले होते.

"सायबाले ठाऊक हाये का बहीनच पत्रं लिहिते. एवढी मोठी बहीन माहेरी कायले राहते, असं त्यायनं इचारलं. तं नंदू बोलून गेला का... नवरा नाही तिले." आशाबाई जमिनीकडे बघत होत्या. "दोन घंटे कुंकू नको लावू. मंगळसूत्र ट्रंकेत ठेव. पांढरं लुगडं मी काढून ठेवलं हाये."

सुमनने नवऱ्याकडे पाहिले. "दो घंटे की बात है," तो म्हणाला. "पुढचं पुढं बघू. नोकरी साहेबांच्याच हातात आहे."

एक बायको असताना दुसरी करणे आता कायद्याने गुन्हा आहे, हे मास्तर शाळेत मोठ्या वर्गाला स्वतः शिकवत असत. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सुमन रडली नाही. दोन दिवस तिने घर सारवले, भांडी घासली. रडायलाही अंगात जोर लागतो.

रविवारी सकाळी मधुकरराव आले. वयस्क, मोकळ्या स्वभावाचा माणूस. पत्ता त्यांनी गल्लीत गोदाबाईंना विचारला होता. "तुमच्या शेजारीणबाई फार भल्या," ते बसता बसता म्हणाले. "म्हणाल्या, बहीण बिचारी घरासाठी राबते."

आत पांढरे लुगडे खुंटीवर तसेच होते. सुमनने आरशासमोर उभे राहून रोजच्यासारखे कुंकू लावले, मंगळसूत्र पदरावर घेतले आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

मधुकररावांचा हात बशीपाशी थांबला. "या कोण?"

सुमनने बशा खाली ठेवल्या.

"मी यांची बायको. पाच वर्सं झाली लग्नाले."

"नंदकुमार?" साहेबांचा आवाज बदलला. "फॉर्मवर तर तू..."

"सर, लग्न झालेल्यांना घेत नाहीत असं कळलं होतं म्हणून..."

"कुणी सांगितलं? अरे, लग्न झालेल्यांना तिथे दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळतं! तुझ्याच वर्गातले तिघे राहत होते. त्यांच्याकडे जेवायला जात होतास की तू."

नंदकुमारने मान खाली घातली. तेव्हा सुमनला सगळे उमगले. निंबाभाऊंची चूक पहिल्या महिन्यातच त्याला कळली होती. पुढच्या तीन वर्षांचे खोटे त्याचे स्वतःचे होते.

मधुकरराव उठले. पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. दाराशी ते वळले. "बाई, माझी मुलगी तुम्ही वाचवलीत."

"मी कोनाले वाचवलं नाही, सायेब," सुमन म्हणाली. "तीन वर्सं बहीन झाली. आता जितेपनी नवरा मारून विधवा व्हायले सांगतात. तेवढं तरान नाही राह्यलं माझ्यात."

ते गेल्यावर आशाबाईंनी कपाळ बडवून घेतले. "पोराचं वाटोळं केलं!" नंदकुमार म्हणाला, "आता तू समजून घे, सुमन." ती त्याच्याकडे बघत राहिली. समजून घेण्याचेच काम तिने आजवर केले होते.

ती बाहेर ओट्यावर आली. गल्लीतली दारे अर्धी उघडी होती. गोदाबाई लगबगीने जवळ आल्या, डोळ्यांत पाणी आणून. "सुमन, मले काय ठाऊक वं बाई असं होईन? तुह्या सासूनं सांगलं, म्हनून मी बी सांगलं. समदे तेच सांगत होते."

सुमनचा आवाज चढला नाही. "उद्या कोनी पुन्हा इचारलं, तं काय सांगसान, काकू?"

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या ओट्यांवर आणखी चार बायका आणि दोन पुरुष उभे होते. सुमन आळीपाळीने एकेकाकडे बघत, उत्तराची वाट पाहत उभी राहिली.